अकरा वाजता खोली सोडावी

वरच्या खोलीत आधी भोपळे राहायचे.
भीमेकाठचे, उन्हात वाळून आलेले,
आढ्याच्या आकड्यांना टांगलेले, पोटात बिया घेऊन.
वर्ष, दोन वर्षं. कुणी त्यांना ऊठ म्हणत नसे.

आता तिथं फरशी आहे, गीझर आहे,
आणि कोष्ट्यांच्या प्रतीकनं मोबाइलवर चढवलेला फोटो,
ज्यात खोली आहे त्याहून दीड हात मोठी दिसते.
खाली लिहिलंय : दवाखान्यापासून चालत सात मिनिटं.
मी मोजलीत. रिकाम्या हातानं सात.
डबा, थर्मास आणि एक्स-रेची पिशवी असली की बारा.

एरवी आठशे. उरुसात सोळाशे.
उरुसात रात्रभर गाणं ऐकायला येणारे
घासाघीस करत नाहीत, फक्त उशा मागतात.
पेशंटवाले करतात. पन्नास कमी करा म्हणतात
आणि मी केले की तेवढ्याचाच नारळ घेऊन जातात.
वहीत मी नाव लिहिते, गाव, आधार नंबर.
'किती दिवस' या रकान्यात
सगळे आधी 'दोन' सांगतात.

मिरजेत आमच्या गल्लीत तंतुवाद्यांची दुकानं उरली चार,
'रूम मिळेल'च्या पाट्या अकरा.
मागच्या खोलीत नर्सिंगच्या दोन पोरी होत्या,
महिन्याला तीन हजार, वेळेवर.
त्यांना जा म्हणताना मी पाण्याची अडचण सांगितली.
पाण्याची अडचण नव्हती.
त्यातली रोहिणी हेगाणे परवा दवाखान्याच्या गेटवर भेटली.
'पाणी आलं का, भाभी?'
आलं, म्हटलं.

एका पाहुण्यानं चारच तारे दिले.
'खोली स्वच्छ. मालकीण बरी.
खालून दिवसभर तार जुळवल्याचा आवाज येतो.'
अब्बांना वाचून दाखवलं.
ते कानशीने हाड घासत होते, हात थांबला नाही.
'जुळवल्याचा म्हणाला ना?' म्हणाले,
'म्हणजे कान आहे त्याला.'

मग अथणीकडची कागव्वा आली.
नवरा वॉर्डात, चौदा नंबरच्या कॉटवर.
तिला मराठी नव्हती, मला कन्नड बाजारापुरती :
किती, बस, ऊट, नीरू.
रात्री तिला झोप नसे. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची,
अब्बा काम करत तिथं, दिव्याच्या कडेला.
एकदा त्यांना जवारीखाली सरकवायला सूत सापडेना.
इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं.
तिनं पदराच्या दशीतून एक दोरा उपसला,
निळा, आणि दातानं तोडून दिला.
तार आणि घोडीच्या मध्ये तो केसभर सरकला
आणि बंद स्वर एकदम उघडला,
कुणीतरी माजघराचं दार ढकलावं तसा.
ती हसली का, मला नीट दिसलं नाही.
माझं लक्ष मीटरकडे होतं,
वर तिनं पंखा चालू ठेवला होता.

नवव्या दिवशी पहाटे ती गेली.
रिक्षा ऐकली मी, उठले नाही.
वर चादर घडी घातलेली, बादली पालथी,
आढ्याच्या आकड्याला दवाखान्याची रिकामी पिशवी.
किल्ली मिळाली अब्बांच्या हत्यारांच्या पेटीत,
तारेच्या भेंडोळ्याशेजारी, निळ्या दोऱ्यानं बांधलेली.
चौदा नंबरचं काय झालं, रोहिणीला विचारता आलं असतं.
कोणत्या तोंडानं?

प्रतीकचा फोन : 'भाभी, शेवटचे दोन दिवस जमा नाहीत.'
राहू दे, म्हणायला मला थोडा वेळ लागला.
तो थोडा वेळ
मी कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.
तिच्या नावापुढं अजून 'दोन'च आहे,
खोडून नऊ करायचं राहिलं.

दुपारी इंडीची माणसं आली. चौघं.
चादरी तीनच वाळल्या होत्या.